उभ्या यंत्राचे दिवस कोण मोजतो?

पावसाळाभर विहिरीवरची मोटार बंद असते. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून बटण दाबावे, तर ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. दारव्हा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कारण विचारले तर तो ‘जाम झाली’ एवढेच सांगेल आणि पाना घेऊन कामाला लागेल. चार महिने मोटारीने काहीच काम केले नाही, मग ती बिघडली कशी, हा प्रश्न त्याला पडत नाही. बंद यंत्र बिघडते हे त्याने पाहिलेले असते.

हीच गोष्ट शेकडो कोटींच्या यंत्राबाबत घडते तेव्हा ती न्यायालयात पोहोचते. ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली. तिची ५४ विमाने जिथे होती तिथेच उभी राहिली. विमाने भाड्याची होती. मूळ मालक कंपन्यांना ती परत हवी होती, पण दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू असल्याने हलवता येत नव्हती. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालकांना निदान तपासणीची परवानगी दिली. सुटे भाग गायब असल्याच्या, देखभाल होत नसल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. विमानांची नोंदणी रद्द करून ती सोडून द्या, असा आदेश निघायला २६ एप्रिल २०२४ उजाडला. जेट एअरवेजची कथा याहून लांब आहे. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी बंद पडली आणि तिच्या अवसायनाचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. दरम्यान मुंबईच्या खाऱ्या हवेत तिची काही विमाने उभीच होती. कज्जा चालू आहे म्हणून गंज थांबत नाही, हा मालक कंपन्यांचा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात नसला तरी रसायनशास्त्राच्या पुस्तकात नक्कीच आहे.

विदर्भाला हे दृश्य नवे नाही. नागपूरच्या विमानतळावर १९९१ मध्ये उतरलेले चार इंजिनांचे एक बोइंग ७२० विमान पुन्हा उडालेच नाही. कंपनी बंद पडली आणि विमान धावपट्टीच्या परिसरात तसेच राहिले. ते तिथून हलवायला २०१५ साल लागले. त्या चोवीस वर्षांत नागपूरच्या विमानतळाचे नाव बदलले, मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे मोठे केंद्र उभे राहिले, आणि हे विमान मात्र ऊन-पावसात दुरुस्तीच्या पलीकडे गेले.

यंत्र उभे राहिल्यावर नेमके काय होते? लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. धातूवर पाणी ओतावे लागत नाही. हवेतला दमटपणा पुरतो. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. त्या थरात मीठ किंवा गंधकाचा अंश मिसळला तर विचारायलाच नको. एप्रिल-मेच्या दुपारी यवतमाळ जिल्ह्यातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. तेव्हा धातूला धोका कमी. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र उलटे होते. शिवाय रात्री धातू हवेपेक्षा लवकर थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरते. इंजिनाच्या आत, जिथे वारा पोहोचत नाही, ते दव दुपारपर्यंत तसेच राहते.

जेट इंजिनाचे नाजूक भाग नेमके आत असतात. मोठ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगचे पोलाद अतिशय कठीण, पण ते गंजरोधक जातीचे नसते. तेलाचा थर आहे तोवरच ते सुरक्षित. उभ्या इंजिनातले तेल हळूहळू खाली उतरते. मग एका गोळीवर गंजाचा मोहरीएवढा डाग पडला तरी इंजिन पुन्हा फिरू लागल्यावर तिथून कपचे उडू लागतात. त्यात वारा सुटला की समोरचा पंखा आपोआप फिरत राहतो, तेही तेलाचा दाब नसताना. म्हणून विमान थोडे दिवस जरी उभे करायचे असले तरी इंजिनाच्या दोन्ही तोंडांना झाकणे लावतात. त्यामुळे वारा, पाऊस आणि घरट्यासाठी जागा शोधणारे पक्षी, तिन्ही बाहेर राहतात.

मुक्काम काही महिन्यांचा असेल तर काम वाढते. इंजिनाच्या इंधनवाहिन्यांतले इंधन काढून तिथे जतनासाठीचे खास तेल फिरवतात. वंगणाचे तेल बदलून गंजरोधक द्रव्य मिसळलेले तेल भरतात. इंजिनाच्या पोकळीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते तीच ही वस्तू, फक्त किलोच्या मापात. विमानातून काढून ठेवलेले इंजिन तर ओलावा आत शिरू न देणाऱ्या जाड पिशवीत गुंडाळतात. त्या पिशवीला एक छोटी खिडकी असते आणि आत आर्द्रता दाखवणारा कागद. कागद कोरडा असताना निळा आणि दमट झाला की गुलाबी. तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी येऊन रंग पाहतो, नोंद करतो, गरज पडली तर सिलिका जेल बदलतो. (निळा रंग देणारे कोबाल्ट क्लोराइड श्वासावाटे शरीरात जाणे घातक मानले जाते, म्हणून आता नारिंगी दाण्यांचे सिलिका जेलही वापरतात. घरातल्या पुड्या बहुधा रंगहीन दाण्यांच्या असतात. तरी त्या मुलांच्या हाती लागू नयेत हे खरेच.)

इंधनाच्या टाकीत तर जीवशास्त्रच सुरू होते. टाकीच्या तळाशी थोडे पाणी साचले की केरोसीनवर जगणारी एक बुरशी तिथे वाढते. ती गाळण्या तुंबवते आणि तिच्यातून निघणारी आम्ले अ‍ॅल्युमिनियम खातात. त्यावर बुरशीनाशक औषध आहे, पण ते मात्रेतच द्यावे लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए-३२१ची दोन्ही इंजिने हवेत कुरकुर करू लागली आणि वैमानिकाला लगेच माघारी फिरावे लागले. चौकशीत निघाले की देखभालीच्या वेळी टाकीत बुरशीनाशक घालताना हिशेब चुकला होता. शिफारशीच्या ३८ पट औषध पडले होते. डॉक्टरी पेशातल्या कुणालाही ही चूक ओळखीची वाटेल. दशांशचिन्हाची जागा चुकल्याने मिलिग्रॅमचा घोळ होतो, तो रुग्णालयातही होतो.

उभ्या विमानांची सर्वांत मोठी परीक्षा त्यानंतर महिनाभरातच आली. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने बंद होती. भारतात सहाशेहून अधिक विमाने एकाच वेळी जमिनीवर होती. जगभरात हीच स्थिती. वाळवंटातले विमानतळ, अमेरिकेतले व्हिक्टरव्हिल, ऑस्ट्रेलियातले अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, स्पेनमधले तेरुएल, विमानांनी भरून गेले, कारण तिथली हवा कोरडी. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तातडीचा आदेश काढला. जुन्या पिढीतल्या बोइंग ७३७ विमानांत इंजिनातून हवा घेणाऱ्या नळीत एक एकमार्गी झडप असते. उभ्या राहिलेल्या विमानांत ती गंजून अडकत होती आणि उड्डाणात एक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना घडल्या होत्या. दोन्ही इंजिनांच्या झडपा एकदम अडकल्या तर काय, याची धास्ती होती. अमेरिकेत नोंदणी झालेल्या सुमारे दोन हजार विमानांना हा आदेश लागू झाला.

त्या आदेशातला एक आकडा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तपासणी कुणाची करायची? सलग सात दिवस किंवा अधिक काळ उभ्या असलेल्या विमानाची. सात महिने नव्हे, सात दिवस. विमानशास्त्रात काम न केलेला दिवसही मोजला जातो. विमान उभे केले त्या तारखेपासून घड्याळ सुरू होते आणि सातव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी काय करायचे याचा तक्ता पुस्तिकेत छापलेला असतो. प्रत्येक कामापुढे सही लागते. सही नसेल तर विमान उडत नाही.

लहान विमानांच्या इंजिनांचा धडा आणखी वेगळा आहे, आणि रुग्णालयांच्या दृष्टीने तोच जास्त उपयोगाचा. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये असतात तसल्या सेसना जातीच्या शिकाऊ विमानांत मोटारगाडीसारखे सिलिंडर-दट्ट्याचे इंजिन असते. असे विमान महिनोन्महिने उभे राहिले की मालकाला सुचणारा उपाय सोपा असतो: आठवड्यातून एकदा सुरू करून पाच-दहा मिनिटे चालवायचे. टाळेबंदीत हजारो घरांसमोर स्कूटर आणि गाड्या अशाच सुरू केल्या जात होत्या. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचे मार्गदर्शन याच्या अगदी विरुद्ध आहे. इंधन जळताना वाफ आणि आम्लयुक्त वायू तयार होतात. त्यांचा काही भाग तेलात उतरतो. इंजिन पुरेसे तापले तर ही वाफ उडून जाते. पाच मिनिटांत तेल तापतच नाही. म्हणजे प्रत्येक वेळी थोडे पाणी, थोडे आम्ल आत टाकायचे आणि झाकण लावून ठेवून द्यायचे. कंपनी सांगते की इंजिन चालू स्थितीत राखायचे तर ३० दिवसांतून किमान एकदा तासभर सलग उड्डाण करा आणि तेल साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या. जमिनीवर चालवणे त्याला पर्याय नाही. पंखा हाताने फिरवून ठेवणेही बरे नव्हे. त्याने सिलिंडरच्या भिंतीवर उरलेले तेल पुसले जाते. हे जमणार नसेल तर इंजिन रीतसर बंद करा: जतनाचे तेल भरा, सिलिंडरमध्ये ते फवारा, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग बसवा, बाहेरची तोंडे बंद करा आणि ‘पंखा फिरवू नका’ अशी पाटी लावा.

थोडक्यात, नीट चालवा किंवा नीट बंद करा. मधला मार्ग सर्वांत वाईट.

दारव्ह्यात विमान उतरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यवतमाळला विमानतळ आहे, २००९ मध्ये तो खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला गेला, पण नियमित प्रवासी सेवा काही सुरू झाली नाही. दारव्ह्याच्या लोकांनी जवळून पाहिलेले मोठे इंजिन म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या शकुंतलेचे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. सत्तर वर्षे! ते टिकले कारण ते रोज तापत होते, रोज त्याला तेल मिळत होते आणि रोज एक माणूस त्याच्याकडे पाहत होता. आता ती गाडीच नाही आणि दारव्हा मोतीबाग स्थानकावर दारव्हेकरांच्या आठवणी तेवढ्या उरल्या आहेत.

पण उभी राहणारी यंत्रे दारव्ह्यातही आहेत आणि प्रत्येक तालुक्यात आहेत. ती सरकारी रुग्णालयांत आहेत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव कुणी विसरलेले नाही. त्यानंतर पीएम केअर्स निधीतून आणि इतर मार्गांनी देशभर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट बसवले गेले. व्हेंटिलेटर आले. लाट ओसरली, मागणी घटली. मोठ्या रुग्णालयांना टाकीतला द्रवरूप ऑक्सिजन सोयीचा पडतो आणि प्लांट चालवायचा तर विजेचे बिल येते. तेव्हा अनेक ठिकाणी ही यंत्रे उभी राहिली, यात आश्चर्य काहीच नाही. प्रश्न ती उभी आहेत हा नाही. कशी उभी आहेत, हा आहे.

हे प्लांट चालतात झिओलाइट नावाच्या दाणेदार पदार्थावर. दाबाखालची हवा त्यातून गेली की तो नायट्रोजन धरून ठेवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. गंमत अशी की विमानाच्या इंजिनात ठेवलेले सिलिका जेल आणि हे झिओलाइट गुणधर्माने भाऊबंदच. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय. म्हणून हवा आधी सुकवून मगच त्यावर सोडतात. प्लांट बंद ठेवताना झडपा नीट मिटल्या नाहीत तर पावसाळ्याची दमट हवा आत मुरत राहते आणि झिओलाइट नायट्रोजनऐवजी पाण्याने भरतो. बाहेरून टाकी तशीच चकचकीत दिसते. सुरू केल्यावर मोटारही नीट आवाज करते. फक्त पुढे येणाऱ्या वायूत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते आणि ते कळायला शुद्धतामापक चालू असावा लागतो. तो दुसऱ्या टोकाला असलेल्या रुग्णाच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरने कळावे, ही वेळ येऊ नये.

प्लांटच्या कॉम्प्रेसरची गोष्ट सेसनाच्या इंजिनासारखीच आहे. तेलावर चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर पाच मिनिटे फिरवून बंद केला तर हवेतले पाणी त्याच्या तेलात उतरते आणि बेअरिंग गंजते. रुग्णालयातल्या डिझेल जनरेटरला तर दर आठवड्याला ‘चालू होतो का’ एवढे पाहून बंद करण्याची सवय सार्वत्रिक आहे, तेही भार न देता. त्याने न जळलेले डिझेल आणि काजळी आत साचते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकात आपत्कालीन जनरेटर महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे, क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवावा, असे म्हटले आहे. व्हेंटिलेटरमध्ये धातूचा गंज कमी, पण बॅटरी न वापरता उतरत जाते आणि ऑक्सिजन मोजणारा सेल तर हवेशी संबंध आल्यापासूनच झिजू लागतो. यंत्र खोक्यात आहे की रुग्णाला लावले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सगळ्याच वस्तूंना कोरडेपणा मानवतो असेही नाही. भुलीच्या यंत्रातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम फार कोरडा झाला तर काही भुलीच्या वायूंशी संयोग होऊन त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. शनिवारी ऑक्सिजन चालूच राहिला आणि सोमवारी सकाळी पहिला रुग्ण टेबलावर आला, तर धोका त्याला.

केंद्राच्या सूचनेवरून देशभर ‘मॉक ड्रिल’ झाले, २७ डिसेंबर २०२२ ला आणि पुन्हा १० व ११ एप्रिल २०२३ ला. ते योग्यच होते. प्लांट आहे, चालतो, चालवणारा माणूस हजर आहे, एवढे त्यातून कळले. पण ड्रिल म्हणजे देखभाल नव्हे. अधिकारी आले, बटण दाबले, फोटो निघाला, बटण बंद झाले, अशा रीतीने ते पार पडले असेल तर त्या दिवशी यंत्राचे नुकसानच झाले. शुद्धतामापकाचा आकडा स्थिर होईपर्यंत, तेल पूर्ण तापेपर्यंत ते चालायला हवे.

यंत्रांच्या दुरुस्तीची सरकारी व्यवस्था नाही असे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे. कंत्राटदार संस्थेने जिल्हा रुग्णालयांतली उपकरणे ९५ टक्के, ग्रामीण स्तरावरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांतली ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतली ८० टक्के काळ चालू ठेवावीत, असे त्यात अपेक्षित आहे. उपकरणावर चिकटपट्टी असते, तक्रारीचा क्रमांक असतो. व्यवस्था चांगली आहे. तिच्यात एक भोक मात्र आहे. बिघाडाचा काळ मोजायला सुरुवात होते ती प्रामुख्याने तक्रारीपासून. जे यंत्र कुणी वापरतच नाही, त्याची तक्रार कोण करणार? नियतकालिक देखभालीची भेट चुकली तर कोपऱ्यात झाकून ठेवलेला व्हेंटिलेटर कागदावर शंभर टक्के चालू राहतो, त्याची बॅटरी मेलेली असली तरी.

विमान कंपनीत हे घडू शकत नाही, कारण तिथे यंत्राला वहीत दोनच अवस्था असतात: उड्डाणाला तयार किंवा जतन केलेले, आणि प्रत्येक अवस्थेच्या तारखा. तिसरी, ‘पडून आहे’ ही अवस्था विमानालाही भोगावी लागते, पण ती कंपनी बुडाल्यावर, मालकी वादात गेल्यावर. रुग्णालये बुडालेली नाहीत. तिथे ही तिसरी अवस्था केवळ वहीत रकाना नसल्यामुळे येते. परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे. त्यात यंत्रे उभी असल्याची जबाबदारी नावानिशी कुणावरच नाही. बदली झाली की किल्ल्या हाती येतात, यंत्राचा इतिहास येत नाही.

त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक मोठ्या उपकरणावर तक्रारीच्या क्रमांकाशेजारी आणखी दोन ओळींची जागा हवी: शेवटचे पूर्ण वेळ कधी चालवले, आणि पुढची तारीख कोणती. खाली सहीची जागा. वर्षभर लागणारच नाही असे यंत्र असेल तर ते बंद करण्याची रीत कंपनीकडून लिहून घ्यावी, बॅटरी काढावी, तोंडे बंद करावीत आणि तसे वहीत लिहावे. किंवा ते गरज असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाला द्यावे. ऑक्सिजन प्लांटच्या बाबतीत ऋतूचाही विचार करता येतो. विदर्भात जूनच्या मध्यापर्यंत पाऊस येतो. त्याआधी, मेच्या कोरड्या हवेत, प्लांट तासभर पूर्ण दाबाने चालवून शुद्धता नोंदवावी, हवा सुकवणारा ड्रायर तपासावा आणि झिओलाइटच्या टाक्यांच्या झडपा मिटवून ठेवाव्यात. पावसाळ्यात दर महिन्याला एकदा हेच, आणि त्या तासात वॉर्डातल्या नळाला जाऊन तिथला दाबही पाहावा, कारण प्लांटपासून खाटेपर्यंतची तांब्याची नळीही तितकेच दिवस बंद असते.